नुसतीच घरघर

आईच्या गाडीला अचानक काय झालं कोणास ठाऊक. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण सुरू व्हायचं नाव घेत नव्हतं. लेक म्हणाली, "जुनी झालीय गं, सोड आता तिचा नाद." आई कसली ऐकतेय. लेक ऑफिसला गेल्यावर तिनं मेकॅनिकला घरी बोलावलं.

संध्याकाळी येऊन त्यानं टाकीतलं पेट्रोल पाहिलं, फ्यूज काढून बघितले, तारा चाचपल्या. सगळं ठणठणीत. मग किल्ली हातात घेऊन उलटसुलट केली.

"काकू, ही डुप्लिकेट किल्ली आहे. हिच्यात चिप नाही. गाडीला चिप ओळखू आली नाही की ती सुरूच होत नाही, म्हणून इंजिन नुसतं फिरतंय. ओरिजिनल किल्ली कुणी काढून ठेवलीय का?"

आईनं किल्ली हातात घेऊन निरखली. मागच्या आठवड्यात गाडी चालवताना रस्ता ओलांडणारी बाई तिला दिसलीच नव्हती. शेजारी बसलेल्या लेकीनं हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. घरी आल्यावर लेक त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. गाडीची किल्ली तेवढी जागेवर ठेवायला म्हणून तिनं आईच्या हातातून घेतली होती.

तेवढ्यात लेक ऑफिसातून परतली. उघडं बॉनेट बघून तिचा चेहराच उतरला.

"काय निघालं, दादा?" तिनं मेकॅनिकला विचारलं. तो आईकडे बघायला लागला.



आई म्हणाली, "इंजिनच गेलंय म्हणे. आता कुठं जायचं असलं की तूच ने मला."