दोन चटयांचं अंगण

"अगं, पानं काय वाजवून बघतेस? कलिंगड आहे का ते?" तात्सुओमी मास्तर वैतागले.

ओरिएने यात्सुदेच्या पंजासारख्या रुंद पानावरून नख उचललं. "पाऊस पडला की यावर कसा वाजेल, ते बघत होते."

"आवाजासाठी कुणी झाड घेतं का!"

क्योतोच्या उत्तरेला असलेल्या त्या रोपवाटिकेत दोघं सकाळपासून फिरत होते. त्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये दोन चटया मावतील एवढं अंगण होतं. दुपारी जेमतेम तासभर ऊन, जमीन बारा महिने ओली. तिथे काहीतरी लावू या, असं ओरिए लग्न झाल्यापासून म्हणत होती. मास्तरांना सदतीस वर्षं शाळेतून सवड झाली नाही. आता निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. महिनाभर ग्रंथालयात बसून टिपणं काढली होती. अंधाऱ्या जागेत पांढऱ्या काठाची पानं उजळून दिसतात, हे त्यांना आता तोंडपाठ होतं.

"मास्तर, ही पांढऱ्या काठाची गिबोशी निवडलीत ते छान केलंत," रोपवाटिकेची मालकीण नात्सुमे म्हणाली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "ओल्या सावलीत ही मस्त पसरते. बाईंना आवडली का?"

ओरिएबाईंचं लक्षच नव्हतं. त्या ओणव्या होऊन शेवाळाच्या तबकावर तळहात फिरवत होत्या. मग सान्शोच्या सुवासिक झुडपाचं एक पान चुरगळून त्यांनी नाकाशी धरलं. "हे घेऊ. आणि हे शेवाळही. किती मऊ आहे!"

मास्तरांचा पारा चढला. "मी महिनाभर डोकं घातलंय यात, आणि तुला एकदा धड बघवतसुद्धा नाही?" त्यांनी गिबोशीची कुंडी उचलली आणि ओरिएच्या तोंडासमोर धरली. "बघ. बघ हा काठ!"

ओरिएने हात पुढे केला. बोटं कुंडीच्या शेजारून निघून गेली, परत आली, मग त्यांना पान सापडलं. पाखरू बघतं तशी मान तिरकी करून ती म्हणाली, "पांढरा आहे का हो काठ?"

नात्सुमे पाण्याची नळी उचलून पलीकडच्या वाफ्याकडे निघून गेली.

"मधलं काही दिसत नाही मला," ओरिए हळूच म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. तेवढ्यावर घरात भागतं."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. एकदा तुम्ही म्हणालात, चष्मा पूस. दुसऱ्यांदा म्हणालात, दिवा लाव."

मास्तर कुंडी हातात धरून उभे राहिले. दोन्ही वेळा आठवून बघायचा त्यांनी प्रयत्न केला. एकही आठवली नाही. ती काही बोलली होती, एवढंसुद्धा नाही. शेवटी त्यांनी कुंडी जागेवर ठेवली आणि नात्सुमेला हाक मारून यात्सुदे, सान्शो आणि शेवाळाची तीन तबकं बांधून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, पडद्याचे फोटो काढले.

"सुरुवातीलाच आला असतात तर इंजेक्शनं देऊन पुष्कळ वाचवता आलं असतं," ते म्हणाले. "आता आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. पण एवढं वर्षभर तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी ओरिएच बोलली.

"नाही हो डॉक्टर. माझंच चुकलं. यांना मी कळूच दिलं नाही."