भरलेला फ्रिज

सकाळपासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. मागच्या खेपेला लेकीने फ्रिज उघडला, तेव्हा आत शिळा भात, बुरशी आलेला पाव आणि डोळ्यांत घालायचं औषध, एवढंच होतं. "पुढच्या वेळी असंच दिसलं, तर हे घर बंद. तुला माझ्याकडे घेऊन जाणार," असं ती बजावून गेली होती. बाईंना या दोन खोल्या सोडायच्या नव्हत्या.

आज लेकीने चपला काढल्या न काढल्या तोच फ्रिजकडे मोर्चा वळवला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला पालक, मोड आलेली कडधान्यं, डझनभर अंडी, दही, पेरू.

"सुधारलीस की गं आई," म्हणत तिने पालकाची जुडी बाहेर काढली. "आण, आजच करून टाकते."

"नको, नको, ठेव ती," बाई लगबगीने आडव्या आल्या. "उद्याला लागणार आहे."

"बरं बाई, राहिलं. पण आता माझी काळजी मिटली. राहा इथेच."

लेकीची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाई खिडकीतून हलल्या नाहीत. मग त्यांनी धावतच जाऊन दार उघडलं. शेजारच्या काकू रिकामी टोपली घेऊन केव्हाच्या ताटकळत उभ्या होत्या.



"झालात ना पास? द्या सगळं भराभर, माझा मुलगा उद्या सकाळीच येतोय. आणि अंडी जपून हं, परवा तळमजल्यावरच्या भाऊंची सून यायची आहे."