बोगद्याच्या तोंडावरचा हार

दिशानं बोगद्याच्या तोंडावरचा झेंडूचा हार ओढून काढला आणि टेबलावर टाकला. अहो, काढणार नाही तर काय करणार? हार तिथंच राहिला असता तर वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती, आणि ती मेहनत तिची एकटीची होती.

हा वाऱ्याचा बोगदा म्हणजे प्लायवूडची लांब पेटी. एका टोकाला मोठा फॅन, तो दुसऱ्या टोकाच्या रुंद तोंडातून हवा ओढून घ्यायचा. मधे काचेआड विमानाचा लाकडी पंख, मागं झुकवलेला, जेट विमानाचा असतो तसा. त्यावर लोकरीचे बारीक धागे चिकटवलेले. दाखवायचं एवढंच होतं, की अशा पंखावरची हवा सरळ मागं न जाता टोकाकडं सरकते, आणि पंख जास्त उचलला की टोकाचे धागे सगळ्यात आधी भिरभिरायला लागतात. विमानाचा घात होतो तो तिथून. पण हे दिसायचं तर आत येणारी हवा सुतासारखी सरळ हवी. तोंडाशी जाडजूड हार लोंबत असला तर सगळेच धागे नाचणार. मग टोक कुठलं आणि बूड कुठलं, काय कपाळ कळणार?

पुण्याहून आलेले परीक्षक खुर्चीत चुळबुळत होते. आज धागे नीट दिसले तर प्रोजेक्ट पास, आणि पास झाला तरच दिशाला पुढं विमानाचं शिकायला बंगळूरला जाता येणार होतं.

हेड सर तरातरा पुढं आले. बारामतीच्या त्या कॉलेजात त्यांचा नियमच होता. लेथ असो नाहीतर झेरॉक्सचं मशीन, नवं यंत्र हळदकुंकू लावून, नारळ फोडूनच सुरू व्हायचं. सकाळी मुलांनी बोगद्यापुढं नारळ फोडलाही होता. दिशानं हूं की चूं केलं नव्हतं, उलट खोबरं खाल्लं होतं. आत्ताही तिनं शांतपणे समजावून सांगितलं, की नारळाचं काही नाही, कुंकवाचं काही नाही, फक्त हारानं हवा अडते. सर ऐकतील तर शपथ.

"तुमच्यात पूजा चालत नसेल," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पण आमच्या पूजेला हात लावायचं कारण नव्हतं. हार परत घाल, मगच मशीन चालू कर."

तुमच्यात! पहिल्या वर्षापासून हा शब्द ती गिळत आली होती. मेसमध्ये, हॉस्टेलवर, हसत हसत, सहज बोलल्यासारखा. आता वाऱ्यालासुद्धा जात लावायची राहिली होती, तीही लावून झाली. दिशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षेच्या आधी तिच्याकडून गणितं समजून घेणारी मुलं मूग गिळून उभी होती. परीक्षक खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले, जसा काही जन्मात ऊस पाहिला नव्हता.

हार घातला तर प्रयोग फसणार होता. नाही घातला तर प्रयोगच होणार नव्हता. बरं, दाद मागायची कुणाकडं?

"नाही घालणार, सर," दिशा म्हणाली.

सरांनी परीक्षकांना सांगितलं, की विद्यार्थिनीनं प्रयोग दाखवला नाही असं लिहा. आणि त्या सद्गृहस्थानं पेनाचं टोपण काढलंसुद्धा!

दाराशी ताईबाई उभी होती, दिशाची आई. लेकीचं यंत्र बघायला ती सकाळच्या एसटीनं कळस गावाहून आली होती. दिशा परीक्षकांना आणायला स्टाफरूमकडं गेली, तेव्हापासून आई वर्कशॉपमध्येच होती. बाई बसा, असं कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. आता ती आपणहून आत आली. टेबलावरचा हार तिनं उचलला आणि झटकून पदरात घेतला. सरांना वाटलं, आई शहाणी दिसते, पोरीला चार शब्द सुनावेल. ते तिला वाट द्यायला बाजूलाही झाले.

"चालू कर, दिशा," ताईबाई म्हणाली, आणि मग सरांकडं वळली. "हार माझा हाय, सर. आमच्या मळ्यातला झेंडू. लेकीनं यंत्र केलं म्हणून मीच बांधला व्हता तितं, वारा अडंल हे मला कळलं न्हाय. तुमच्या पूजेचं त्यात काय बी न्हाय."