बॉनेटवरच्या पापड्या

शिवदासच्या गाडीची नोंदणी संपून आठ महिने झाले होते, तरी ती इमारतीच्या आवारातून हलायचं नाव घेत नव्हती. आज बहरीनी घरमालक अबू खलील खाली आले. “शिवदास, गाडी आज बाहर. खलास.” शिवदासने मान डोलावली आणि गाडी ढकलायला बाह्या सरसावल्या. पण बॉनेटवर प्लॅस्टिक अंथरून रखमाने साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. “त्या कडकडीत वाळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही,” तिने नवऱ्याला खिडकीतूनच बजावलं. कात्रीत सापडलेला शिवदास एकदा खिडकीकडे, एकदा घरमालकाकडे पाहू लागला. अबू खलीलनी एक पापडी उचलून निरखली. रमजानभर रखमा त्यांच्या घरी तळून पाठवायची, त्याच या. त्यांनी उन्हाकडे पाहिलं, मग आवारातल्या आपल्या जागेवरून स्वतःची गाडी काढून रस्त्यावर लावली. “इधर धूप दो बजे खलास,” ते म्हणाले. “मेरा जगह में लगाओ. उधर शाम तक.”