पाट्यांची जोडी

सकाळी नोटबुर्गानं कॉफी गाळली, पाव कापला आणि जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली. मुलानं, कोर्बिनियाननं, ती बाजूला सारून तिथं नकाशा पसरला. उद्या तो आणि सून वाल्ट्राउड मोठ्या गाडीनं आल्प्समधली गावं पाहत निघणार होते: इन्सब्रुक, मग ब्रेनरची खिंड, श्टेर्झिंग, ब्रिक्सन, बोझेन.

“ब्रिक्सनला माझी बहीण आहे. मीही येते,” नोटबुर्गा म्हणाली.

“आई, खिंडीत बर्फ आहे. तुला झेपायचं नाही. मावशीला फोन कर ना.”

“तिला फोनवर काही ऐकू येत नाही रे. आणि तू पोटात होतास तेव्हा त्याच खिंडीतून, असल्याच बर्फात, मी गाडी नेली होती.”

“म्हणून तर म्हणतो, आता आराम कर.”

“शिवाय मांजराकडे कोण बघणार?” सून हसत म्हणाली.

इथल्या पुष्कळ घरांप्रमाणे त्यांच्याकडेही गाड्या दोन, पण नंबराच्या पाट्यांची जोडी एकच होती. ती ज्या गाडीला लावावी, तीच रस्त्यावर काढता येई. दोन्ही गाड्या नोटबुर्गाच्याच नावावर होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं सामानानं गच्च भरलेल्या मोठ्या गाडीच्या पाट्या काढल्या आणि आपल्या जुन्या निळ्या गाडीला पुढूनमागून नीट बसवल्या.

 

मग मांजराच्या खाण्याचा डबा मोठ्या गाडीच्या टपावर ठेवून ती ब्रिक्सनच्या रस्त्याला लागली.