जावयाची पेनल्टी

शिट्टी रंगराव मास्तरांच्या ओठांतच होती, पण फुंकायची इच्छा उरली नव्हती. देऊळघाटच्या मैदानावर हिवऱ्याच्या संघाला कॉर्नर मिळाला होता. गोलापुढे दहा-बारा गडी एकमेकांना बिलगून उभे. कोणी सदरा धरलेला, कोणी कंबर धरलेली, एकानं तर समोरच्याच्या चड्डीची नाडीच मुठीत घेतलेली. याला काय फुटबॉल म्हणायचं? बाजारात बैल पळू नये म्हणून धरतात, तशी ती धरपकड.

मास्तर बुलढाण्याला शाळेत ड्रिल शिकवायचे. फुटबॉलचे नियम माहीत असलेला आसपासचा माणूस तेवढाच, म्हणून दरवर्षी पंच म्हणून सायकल हाणत यायचे. कॉर्नरला कोणी कोणाला धरलं की ते कधी शिट्टी वाजवायचे, कधी नाही. लोक म्हणत, मास्तर बाजू घेतात. कसली बाजू घेऊन बसलात! गुडघे ठणकायला लागले की त्यांना सगळंच नकोसं व्हायचं. वाजवली तरी शिव्या, नाही वाजवली तरी शिव्या.

पण गेल्या साली न वाजवलेली एक शिट्टी एका घराला चांगलीच भोवली होती. हिवऱ्याचा इंद्रभान म्हणजे देऊळघाटच्या उत्तमरावांचा जावई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अशाच एका कॉर्नरला उत्तमरावांचा पोरगा सहदेव यानं आपल्याच मेहुण्याचा सदरा मागून धरला, आणि तो टरकन फाटला. मास्तरांनी शिट्टी वाजवली नाही. सगळं गाव खो खो हसलं. आता आपल्याकडे जावयाला पाटावर बसवतात, टोपी-टॉवेल देतात. त्याच्या अंगाला सासरचा माणूस हात लावतो, आणि पंच नुसता बघत राहतो! इंद्रभान मैदानावरूनच फाटक्या सदऱ्यानिशी बसस्टँडवर गेला. मॅच पाहायला म्हणून माहेरी आलेली त्याची बायको जनकाबाई, ती इथंच राहिली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. जावई न्यायला आला नाही. निरोप मात्र आला, ज्या मैदानात माझी अब्रू गेली, तिथं ती भरून द्या, मग बघू.

आज सकाळी उत्तमराव मास्तरांची सायकल धरूनच उभे राहिले होते.

"मास्तर, घरात लेक बसून हाय. तिची माय रडून रडून आंधळी व्हायची पाळी आली. आज जावयाले कोणी हात लावला तं वाजवा बाप्पा. देऊळघाट हरलं तं हरू द्या."

मास्तर सायकल सोडवून घेऊन मैदानाकडे निघाले. पंचाला असं कोणी सांगतं का? पण आता त्यांचं लक्ष सारखं इंद्रभानकडेच जात होतं. आणि गंमत अशी, की आज त्याला कोणी बोटसुद्धा लावत नव्हतं. देऊळघाटचे गडी त्याला पाहुण्यासारखी वाट करून देत होते. दोन्हीकडे एक-एक गोल झालेला, मॅच संपत आलेली.

बॉल उंच आला. तेवढ्यात सहदेवानं दोन्ही हातांनी इंद्रभानच्या कमरेला मिठी घातली. सगळ्या गावासमोर, उघड्यावर. बॉल कुठं चाललाय, इकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो मास्तरांकडे बघत होता. डोळ्यांत पाणी आणून बघत होता.

मास्तरांनी शिट्टी वाजवली.

देऊळघाटची पोरं अंगावर धावून आली. "तिकडं हिवऱ्याचे चौघं आमाले धरून होते, ते दिसले नाही काय बे?" एकानं मास्तरांना बे सुद्धा म्हणून घेतलं. मास्तरांनी बॉल उचलून पेनल्टीच्या जागी ठेवला. इंद्रभाननं गोल मारला. हिवरा जिंकलं, आणि उत्तमराव असे हसले, जणू त्यांच्याच घरी पोरगा जन्मला.

दिवस मावळायच्या आत घरात पाट मांडला गेला. जावयाच्या डोक्यावर नवी टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला. सहदेव त्याच्या पाया पडला. इंद्रभाननं त्याला उठवून पाठीवर थाप मारली. मास्तरांनाही आग्रहानं चहाला बसवलं होतं. बरं वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला. एवढ्या वर्षांत आपल्या शिट्टीनं कोणाचं भलं झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"जनके, चाल बाई. एसटी निघून जाईन," आई म्हणाली.

जनकाबाई ट्रंक घेऊन ओसरीवर आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती मास्तरांपुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, पुढच्या साली मॅच हाय?"

"हाय ना."

"माया भाऊ यायले पुन्हा धरन," तिनं नवऱ्याकडे न बघताच बोट केलं. " खेळात कोण ध्यानात ठेवते! मंग तुमी शिट्टी वाजवसान?"

सगळे हसले. तिला मात्र हसू आलं नाही. मास्तरांनी कप खाली ठेवला. हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द, आणि पोरगी सासरी. पण वर्षभर घरात बसलेल्या त्या पोरीच्या तोंडाकडे बघून त्यांच्यानं खोटं बोलवेना.

"सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले. "कधी वाजते. कधी नाही वाजत."

जनकाबाईनं ट्रंक खाली ठेवली.

"मंग यायले म्हणा, तुमी जा. एक शिट्टी नाही वाजली म्हणून परत यावं लागते, तं मी जातच नाही."