नऊ मिनिटं

"धडक बसल्यावर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन कधी केलात?" अ‍ॅडव्होकेट अनुराधा खांबेटे यांनी विचारलं.

"नऊ मिनिटांनी." त्यांचा अशील पराग मेहेंदळे याने मनगट पुढे केलं. कातडीखाली बसवलेल्या यंत्राचा हिरवा दिवा चमकत होता. "बटण दाबलं की रक्तातली सगळी दारू जाळायला याला तेवढा वेळ लागतो. दिवा तांबड्याचा हिरवा झाला, मग लगेच फोन केला. आधी केला असता तर पोलीसही आधी आले असते ना, मॅडम! तपासणीत शून्य निघालं."

"आणि तो सायकलवाला?"

"ओरडत होता. मी काच वर घेतली."

बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. तरी त्यांनी फाईल मिटली नाही.

कोर्टात सायकलवाला महादू शेळवणे कुबड्यांवर उभा राहिला. फार रक्त गेल्यामुळे त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला होता.

"ओरडून ओरडून मला भोवळ आली, साहेब," तो न्यायाधीशांना म्हणाला. "डोळे उघडले तर हेच दादा फोन करत होते. यांच्यामुळे जगलो." परागला हात जोडायला गेला आणि त्याची एक कुबडी खाली पडली.

"बचाव पक्षाला काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

पराग बाईंच्या कानाशी वाकला. "काही विचारू नका. छान बोलतोय."

त्याच्या तोंडाला भपकन दारूचा वास आला. मनगटावरचा दिवा तांबडा होता.

"काही नाही," बाई म्हणाल्या.